साडेनऊ हजारांचा लिथियम पॅक आणि ‘जुनाच चार्जर चालेल’

मिरजेच्या एका तरुणाने विचारलं आहे: वडिलांची रजिस्ट्रेशन न लागणारी इलेक्ट्रिक स्कूटर आहे. पहाटेची पेपरची लाईन आणि नंतरची किरकोळ कामं धरून रोज पंचवीस किलोमीटर होतात. आतल्या चार लेड ॲसिड बॅटऱ्या चौदा महिन्यांत बसल्या. ओळखीचा एक जण ४८ व्होल्ट ३० एएचचा (अँपिअर-अवर, म्हणजे किती वीज साठते त्याचं माप) लिथियम पॅक साडेनऊ हजारांत देतो आहे आणि जुनाच चार्जर चालेल म्हणतो आहे. घ्यावा का, आणि घेतला तर तपासायचा कसा?

मी अकरा वर्षं बॅटरी पॅक बांधतो आहे. बांधतो त्याहून जास्त, दुसऱ्यांनी बांधलेले उघडतो. तेव्हा किमतीचं नंतर बघू, आधी त्या चार्जरच्या वाक्याकडे येतो. पॅक किती सेलचा, म्हणजे आतल्या किती छोट्या सुट्या बॅटऱ्यांचा आहे हे न सांगता जो ‘जुना चार्जर चालेल’ म्हणतो, त्याला एक तर माहीत नाही, किंवा तुमच्या घराची काळजी नाही.

‘४८ व्होल्ट’ हे दुकानातलं नाव आहे. त्या नावाखाली किमान चार वेगवेगळे पॅक विकले जातात. एनएमसी म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारचा सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्टला जातो. असे १३ सेल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडलेले, असतील तर पॅक ५४.६ व्होल्टला भरतो, १४ असतील तर ५८.८ ला. एलएफपी म्हणजे लिथियम फॉस्फेटचा सेल ३.६५ ला भरतो. तसे १५ असतील तर ५४.७५, आणि १६ असतील तर ५८.४. चौघांच्याही खोक्यावर ४८ व्होल्टच लिहिलेलं असतं.

तुमचा जुना चार्जर चार लेड ॲसिड बॅटऱ्यांसाठी केलेला आहे. तो साधारण ५८.८ ते ५९ व्होल्टपर्यंत चढतो आणि मग ५५ च्या आसपास उतरून तिथेच थांबतो. आता भागाकार करा. पॅक १६ सेलचा एलएफपी असेल तर ५८.८ भागिले १६ म्हणजे सेलमागे ३.६८. मर्यादेच्या किंचित वर, पण दिवस निघतात. १४ सेलच्या एनएमसीला बरोबर ४.२ येतात, तेही योगायोगाने. १५ एलएफपी सेल असतील तर ३.९२ येतात आणि बीएमएसला, म्हणजे पॅकमधल्या राखणदार सर्किटला, प्रत्येक वेळी चार्जिंग तोडावं लागतं. १३ सेलचा एनएमसी असेल तर येतात ४.५२. एनएमसीचा सेल ४.५ च्या वर ढकलला की आत लिथियमचा थर साचतो, कॅथोड बिघडून त्यातून ऑक्सिजन सुटू लागतो आणि सेल स्वतःच तापत जातो. या सगळ्याला अडवायला एकटा बीएमएस उभा असतो. म्हणजे कोणी ‘माझ्या भाच्याने जुन्याच चार्जरवर वर्ष काढलं’ म्हणालं तर ते खरंही असू शकतं. त्याच्या पॅकमध्ये सेल किती होते, एवढाच काय तो फरक.

माझ्या टेबलावर असाच एक पॅक आला होता. तेरा सेलचा एनएमसी, लेड ॲसिडच्या चार्जरवर सात-आठ महिने चाललेला. मालक सांगत होते, चार्जिंग मध्येच बंद पडायचं, मग आम्ही पिन काढून परत लावायचो. ते बंद पडणं म्हणजे बीएमएसने वेळोवेळी टाकलेला ब्रेक होता. शेवटी त्याचा मॉस्फेट, म्हणजे करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच, गेला. मॉस्फेट जातो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊन जातो, म्हणजे दार कायमचं उघडं राहतं. पॅक उघडला तेव्हा आत गोडसर, नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास होता आणि तीन सेलच्या तोंडातून द्रव बाहेर येऊन सेल जोडणाऱ्या पट्टीवर वाळला होता. तो पॅक रात्री घरात चार्जिंगला लागत होता आणि त्याच खोलीत दोन मुलं झोपत होती. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा भाजून गेला. ती बातमी वाचल्यापासून असा पॅक समोर आला की मी मालकाला बसवून ही सगळी आकडेमोड कागदावर करून दाखवतो. तुम्हालाही म्हणूनच आधी तीच सांगितली.

तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न: सेल एनएमसी की एलएफपी, सिरीजमध्ये किती, पॅरललमध्ये (म्हणजे शेजारी शेजारी जोडलेले) किती? जो पॅक बांधतो त्याला हे झोपेतून उठवलं तरी सांगता येतं. उत्तर बिलावर लिहून मागा. वडिलांच्या कामाला माझी पसंती १६ सेलच्या एलएफपीला आहे. तो जड असतो, पण जास्त वर्षं टिकतो आणि चुकून गरम झाला तरी एनएमसीइतक्या लवकर भडकत नाही. ‘एलएफपी पेटतच नाही’ असं कोणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नका. त्यातून निघणारा वायूही जळतो.

दुसरं काम वजनकाट्यावर होतं. व्होल्ट कुठलाही पॅक दाखवतो, अगदी अर्धमेलाही. एलएफपीचे जाड गोल सेल, ज्यांना ३२७०० म्हणतात, ते ६ एएचचे असतात आणि एकाचं वजन साधारण १४० ग्रॅम भरतं. ३० एएच हवेत तर पाच पॅरलल, सोळा सिरीज, म्हणजे ८० सेल. नुसत्या सेलचं वजन अकरा किलोच्या वर, डबा आणि वायरिंग धरून तेरा किलोच्या आसपास. एनएमसीचे बारीक सेल, १८६५० नावाचे, ४५ ते ४८ ग्रॅमचे असतात. त्यांची खरी क्षमता साधारण २.५ ते ३.५ एएच असते. त्या आकाराच्या सेलवर ५ किंवा ९ एएच छापलेलं असेल तर तो छापच खोटा. २.५ एएचच्या सेलने ३० एएचचा पॅक करायचा तर १५६ सेल लागतात, सात किलो. सर्वांत भारी ३.५ एएचचे वापरले तरी ११७ सेल, साडेपाच किलोच्या वर. म्हणून कोणी चार किलोचा पॅक हातात देऊन ३० एएच म्हणाला तर पुढचं काही तपासायची गरज नाही. वाण्याच्या दुकानातला काटाही या कामाला पुरतो.

वजन बरोबर भरलं म्हणजे पॅक चांगला, असं मात्र नाही. थकलेला सेलही तेवढाच जड असतो, आणि स्वस्तातली खरी मेख तिथेच असते. एक सोपी युक्ती सांगतो. त्याच किंवा दुसऱ्या दुकानात त्याच कंपनीच्या नव्या सुट्या सेलचा ठोक भाव विचारा आणि सेलच्या संख्येने (वरच्या एलएफपी पॅकला ८० ने) गुणा. त्यावर बीएमएस, निकल पट्टी, डबा आणि मजुरी असते. गुणाकाराचाच आकडा साडेनऊ हजारांच्या पुढे गेला तर आतले सेल नवे असूच शकत नाहीत. कुठल्या तरी पॅकमधून काढलेले, नवी स्लीव्ह, म्हणजे वरचं प्लास्टिकचं वेष्टन, चढवलेले सेल असतील.

वापरलेल्या सेलचा पॅक म्हणजे फसवणूकच, असं मी म्हणत नाही. प्रत्येक सेलची क्षमता मोजून, सारखे सारखे वेगळे काढून बांधला आणि तसं सांगून विकला, तर सोलरच्या दिव्यासारख्या एका जागी राहणाऱ्या कामाला तो चालतो. वडिलांच्या सीटखाली, मिरजेच्या खड्ड्यांतून, मी तो घालणार नाही.

पॅक बंद करण्याआधी आतून दाखवायला सांगा, निदान फोटो मागा. पॅक बांधणारा माणूस प्रामाणिक असेल तर खुशीने दाखवतो. मला स्वतःला गिऱ्हाईक आत डोकावलं की बरं वाटतं. सेलच्या टोकावर जुन्या स्पॉट वेल्डिंगचे ठिपके किंवा तुटलेल्या पट्टीचे तुकडे दिसले तर सेल जुने. पट्टी सेलला डाग देऊन, म्हणजे सोल्डरिंगने जोडली असेल तर नको, कारण त्या उष्णतेने सेल आतून दुखावतो. धन टोकांवर बार्ली पेपरच्या, म्हणजे वीज न वाहणाऱ्या जाड कागदाच्या, चकत्या हव्यात. त्या नसल्या तर खड्ड्यांनी स्लीव्ह घासत जाते आणि एके दिवशी पट्टीखालीच शॉर्ट होतो. पट्टी शुद्ध निकलची की वरून निकल चढवलेल्या लोखंडाची, हे डोळ्यांनी कळत नाही. एक तुकडा मागून घ्या, पॉलिश पेपरने जरा खरवडा आणि मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस गंज दिसला तर लोखंड. लोखंडी पट्टी जास्त करंट गेला की तापते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात खराबही लवकर होते.

बीएमएसबद्दल दोन गोष्टी. त्याला तापमानाचा सेन्सर आहे का, आणि तो खरंच सेलच्या मधे चिकटवला आहे की वायर नुसती बाहेर लोंबते आहे, ते पाहा. लोंबणारे सेन्सर मी इतके पाहिले आहेत की आता आधी तिकडेच नजर जाते. दुसरं, चार्जिंगची वायर वेगळी आहे का. काही बीएमएसमध्ये चार्जिंग आणि डिस्चार्ज यांचे मार्ग वेगळे असतात. तिथे डिस्चार्जच्या वायरीतून चार्ज केलं की जास्त भरण्यापासूनचं संरक्षण बाजूलाच राहतं. जुन्या गाडीत पॅक बसवणारा मिस्त्री घाईत नेमकं हेच करतो: दोन वायरी दिसल्या, जोडल्या.

‘एआयएस १५६ आहे’ हे वाक्यही तुमच्या कानावर पडेल. हे इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीच्या सुरक्षिततेचं भारतीय मानक. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशभर स्कूटर पेटल्या, त्यातली एक आपल्या पुण्यात धानोरीला. त्यानंतर या मानकात कडक सुधारणा झाल्या आणि त्या १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. ही चाचणी अख्ख्या पॅकची असते. सुट्या सेलसाठी आयएस १६८९३ हे वेगळं मानक आहे. ‘आमचे सेल एआयएस १५६ चे आहेत’ असं कोणी म्हणालं तर त्याने तो कागद वाचलेला नाही. चाचणीचा अहवाल मागा आणि त्यातला व्होल्ट, एएच आणि सेलचा प्रकार तुमच्या पॅकशी जुळतो का ते पाहा. दुसऱ्याच पॅकचा अहवाल मोबाईलवर दाखवायची पद्धत फार आहे.

आता मोजणी. मल्टीमीटर हवाच. पाच-सातशे रुपयांचाही चालेल. हातातलं घड्याळ, अंगठी, कडं काढून ठेवा. पन्नास व्होल्टचा शॉक सहसा फार लागत नाही, पण अंगठीतून शॉर्ट झाला तर बोट जळतं.

एलएफपीचा व्होल्ट पाहून तो किती भरला आहे हे कळत नाही. सोळा सेलचा पॅक बराच काळ ५२ ते ५३ च्या दरम्यानच रेंगाळतो. सेलच्या गटांमधला (पॅरलल जोडलेल्या सेलचा एक गट) फरकही या मधल्या टप्प्यात लपतो. विक्रेते अर्ध्या भरलेल्या पॅकचे गट मोजून ‘बघा, सगळे ३.२९’ असं दाखवतात, त्याला अर्थ नाही. चार्जिंगच्या शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत, चार्जर लावलेला असतानाच, बीएमएसच्या बारीक वायरींच्या कनेक्टरवर प्रत्येक गट मोजायला सांगा. एक गट ३.६५ ला पोचला आणि दुसरा ३.४० लाच असेल तर पॅक असंतुलित आहे. नव्या पॅकमध्ये थोडा फरक पहिल्या चार-पाच चार्जिंगमध्ये मिटतो, कारण स्वस्त बीएमएसचा बॅलन्स करंट, म्हणजे गट सारखे करणारा करंट, अगदी थोडा, मिलीअँपिअरमध्येच मोजण्याइतका असतो आणि त्याला वेळ लागतो. तेवढ्यानेही मिटला नाही, किंवा दर वेळी तोच गट मागे पडत असेल, तर त्या गटात कमजोर सेल आहे.

क्षमता तपासायला महागडं यंत्र लागत नाही. १२ व्होल्ट ५० वॅटचे चार हॅलोजन बल्ब सिरीजमध्ये जोडा. ४८ व्होल्टच्या पॅकवर ते साधारण सव्वाचार अँपिअर ओढतात. पॅक पूर्ण चार्ज करा, तासभर शांत ठेवा, मग बल्ब लावून घड्याळ पाहा. ३० एएच खरे असतील तर बल्ब सात तासांच्या आसपास जळतात. साडेचार तासांत विझले तर तुम्ही १९ एएच विकत घेताय. बल्ब प्रचंड तापतात, त्यामुळे ते फरशीवर, पडद्यापासून लांब ठेवा आणि चाचणीभर कोणी तरी जवळ बसा. सात तास जातात खरे, पण पैसे देण्याआधी गेलेला हा रविवार पुढची तीन वर्षं वाचवतो. विक्रेता दुकानात करू देत नसेल तर ‘आठ दिवसांत क्षमता कमी भरली तर पैसे परत’ एवढं बिलावर लिहून घ्या. लिहून द्यायला तो तयार झाला नाही, तर त्याचा त्याच्या पॅकवर किती विश्वास आहे ते कळलंच.

गाडीवर बसवल्यावर एक चढ शोधा. मागे कोणाला तरी बसवा, थ्रॉटल पूर्ण द्या आणि मल्टीमीटर पॅकच्या वायरींवर ठेवून त्याच्याकडे मागच्याला बघायला सांगा. अडीचशे वॅटची मोटर चढावर दहा-पंधरा अँपिअर ओढते. चांगला पॅक एक-दीड व्होल्टने खाली येतो आणि थ्रॉटल सोडला की लगेच वर जातो. चार-पाच व्होल्ट कोसळत असेल तर सेल थकलेले आहेत किंवा वेल्डिंग कच्चं आहे. उतरल्यावर कनेक्टरला हात लावून पाहा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर जोड सैल आहे. जाता जाता एक सांगून ठेवतो. डॅशबोर्डवरचा चार्जचा काटा लेड ॲसिडसाठीचा असतो. एलएफपीवर तो बराच वेळ भरलेला दाखवतो आणि मग एकदम झोपतो. वडिलांना किलोमीटर मोजायची सवय लावावी लागेल, नाही तर पहाटे साडेपाचला पेपरच्या गठ्ठ्यांसकट रस्त्यात उभे राहतील.

चार्जर नवाच घ्या, त्याच पॅकसाठीचा. लेबलवर सोळा सेलच्या एलएफपीला ५८.४ व्होल्ट लिहिलेलं हवं. नुसतं ‘४८ व्होल्ट ५ अँपिअर’ लिहिलेला चार्जर परत द्या. ३० एएचला ५ अँपिअर पुरे, सहा-सात तासांत भरतो. दहा अँपिअरच्या मोहात पडू नका. मल्टीमीटरने रिकामा आऊटपुट मोजा. ५८.४ च्या पाव व्होल्ट इकडेतिकडे ठीक, ५९ दाखवला तर नको. काही चार्जर बॅटरी जोडल्याशिवाय आऊटपुटच देत नाहीत. तिथे पहिल्या चार्जिंगच्या शेवटी पॅकच्या टोकांवर मोजा. हिरवा दिवा लागल्यावर करंट खरंच थांबतो का, हेही त्याच वेळी पाहा. चार्जरची मेनची केबल हातात धरून बघा: तीन पिनांच्या टॉपमधून दोनच वायरी निघत असतील आणि चार्जरची बॉडी धातूची असेल, तर अर्थिंग नावालाच आहे. पहिल्या चार्जिंगला दर अर्ध्या तासाने चार्जरला हात लावा. गरम होणारच, पण हात ठेवता येत नसेल किंवा प्लास्टिकचा वास येत असेल तर बदलून घ्या.

चार्जिंग जिन्याखाली किंवा बाहेर पडायच्या दारापाशी करू नका. आग लागली तर तुमची वाटच बंद होते. ओटा, अंगण, पत्र्याची शेड उत्तम. पॅक काढून घरात आणायचाच असेल तर जागेपणी चार्ज करा आणि गाडी उन्हातून आली तर आधी तासभर निवू द्या. सळसळ, वास किंवा धूर आला तर पॅक उचलायला जाऊ नका. जमलं तर मेन स्विच बंद करा, माणसं बाहेर काढा आणि १०१ ला फोन करा. पावडरचा सिलेंडर ज्वाळा विझवतो, पण सेल थंड करत नाही. त्याला लांबून भरपूर पाणीच लागतं. मिरज म्हणून आणखी एक: २०१९ आणि २०२१ चे पूर तुम्ही पाहिले आहेत. पॅक एकदा पाण्यात बुडाला तर उन्हात कितीही वाळवला तरी चार्जिंगला लावायचा नाही. बीएमएसवर चढलेला गंज आठवड्यांनी काम करतो.

आता घ्यावा का? साडेनऊ हजारांत, सेलची संख्या न सांगता, जुन्या चार्जरवर: नाही. बजेट तेवढंच असेल तर मी पुन्हा चांगल्या कंपनीच्या लेड ॲसिड बॅटऱ्याच घ्या म्हणेन. जुन्या चार परत देऊन शिशाचे पैसे वजा होतात, आणि रोज रात्री न चुकता पूर्ण चार्ज केल्या, रिकाम्या ठेवून दिल्या नाहीत, तर पंचवीस किलोमीटरला त्या पुरतात. चौदा महिन्यांत बसल्या त्या बहुधा पुन्हा पुन्हा तळापर्यंत वापरल्याने. थोडे महिने थांबून पैसे साठवता आले तर अहवाल आणि पक्कं बिल असलेला २४ एएचचा एलएफपी पॅक घ्या. कागदावरच्या ३० पेक्षा खरे २४ वडिलांना रोज घरी आणतील.

आणि लिथियम घेतलात, तर एक काम त्याच दिवशी करा. या स्कूटरच्या चार्जरची आऊटपुटची पिन बहुतेक वेळा कॉम्प्युटरच्या केबलसारखी तीन टोकांची असते. म्हणजे जुना चार्जर नव्या पॅकच्या सॉकेटमध्ये सहज बसतो. त्याहून वाईट म्हणजे कॉम्प्युटरची केबलही बसते, आणि ती भिंतीत लावली की पॅकवर थेट २३० व्होल्ट जातात. पॅकला वेगळ्या आकाराचं सॉकेट बसवून घ्या, दीडशे-दोनशे रुपयांचं काम आहे. जुना चार्जर बॅटऱ्यांबरोबर देऊन टाका. घरात ठेवायचाच असेल तर त्याची पिन कापून ठेवा. अंधारात, पहाटे चारला, डोळ्यांवर झोप असताना वडिलांच्या हाताला तो लागता कामा नये.